चार बोटांची चौकट

नथूभाऊचे हात पहिल्यांदा पाहणारा माणूस नकळत एक पाऊल मागं घेतो. एकेक पंजा भाकरीच्या परातीएवढा. उमेदीची सगळी वर्षं वराळ्याच्या अलीकडच्या एका कारखान्यात क्रेन चालवण्यात गेली. हत्तीच्या वजनाची लोखंडी वेटोळी उचलायची आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला नेऊन अलगद ठेवायची. कुणी खालून ओरडलं, "नथू, हळू रं!" की वरून उत्तर यायचं, "हत्ती कंदी धपकन बसतो का?"

असा माणूस नोकरीतून मोकळा झाल्यावर काय करील? आमच्या परंदवडीत याची उत्तरं ठरलेली आहेत. तो इंद्रायणी भात लावील, म्हैस घेईल, नाहीतर पारावर बसून सरपंचाला शहाणपण शिकवील. नथूभाऊनं भात लावला, पण म्हैस घेतली नाही आणि सरपंचालाही मोकळा सोडला. त्यानं शकुबाईच्या, म्हणजे आपल्या बायकोच्या पेटीतला भुवया कोरायचा चिमटा उचलला आणि तो बाहुलीघर बांधायला बसला.

मी शेजारी राहतो, म्हणून मला हे गावाच्या आधी कळलं. कळलं म्हणजे दिसलं. समजलं असं मी अजूनही म्हणणार नाही.

सुरुवात लोणावळ्यात झाली. नथूभाऊचा भाचा पप्पू जीप चालवतो. तुंगार्लीच्या एका बंगल्यातलं जुनं सामान हलवायचं होतं, म्हणून तो मामाला सोबत घेऊन गेला. सामानात एक परदेशी बाहुलीघर निघालं. दोन मजली, गुलाबी, आत पलंग, पियानो, नखाएवढा बाथटब. पप्पू कपाटं उतरवत राहिला आणि मामा त्या घरासमोर उकिडवा बसून राहिला. बंगल्याची मालकीण भली होती. म्हणाली, "काका, घेऊन जा हवं तर. नातीला होईल."

"नात न्हाई मला," नथूभाऊ म्हणाला. "आन हितं न्हाणी हाय, देव्हारा न्हाई. पियानो हाय, चूल न्हाई. पुढची भिंतच न्हाई बाई ह्या घराला! माणसं ऱ्हात्यात कशी?"

घर त्यानं आणलं नाही. परतताना कामशेतला म्हणाला, "पप्पू, आपन नीट बांधू."

आणि त्यानं बांधायला घेतलं. टीव्हीच्या टेबलावर, टीव्हीला कोपऱ्यात सरकवून. तेलाचे दोन डबे शेजारी ठेवावेत एवढं घर. कुडाच्या भिंतींसाठी हिराच्या झाडूच्या काड्या उपसल्या, त्यावर खाचरातली माती आणि शेण लिंपलं. कौलं करंगळीच्या नखाएवढी. तीही त्याच मातीची, वाळवून तव्यावर भाजलेली. पुढची भिंत त्यानं दोन बारक्या बिजागऱ्यांवर बसवली, कपाटाच्या दारासारखी उघडणारी. आता गंमत पाहा. त्या घरात जे काही जायचं ते भिंत उघडूनच जाणार होतं. तरी त्या भिंतीला दार हवं, दाराला चौकट हवी, चौकटीला उंबरा हवा, यावर नथूभाऊ ठाम होता. मी विचारलं, दार कशाला? त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की मी घरी येऊन आपल्या दाराकडं आदरानं बघितलं.

शकुबाईची कैफियत वेगळी होती. ती रोज कुंपणाशी उभी राहून मला ऐकवायची.

"झाडू बगा माजा! रोज रोडावतोय. टिकल्यांचं पाकीट गेलं, इचारलं तर म्हन्तो आरसे लावलं. माज्या तव्यावर भाकरीच्या आदी कौलं भाजत्यात. परवा भाकरीला कौलाचा वास आला तर म्हन्तो, लय ग्वाड लागती."

"पण हे सगळं कुणासाठी, वहिनी?"

"त्येच तर! मी इचारते कुनासाठी, तर माजंच तोंड बगत ऱ्हातो. आवो, बाहुलीघर म्हन्त्यात तर बाहुली तरी पायजे का नको?"

बाहुली नव्हती. हे खरंच. ओटी होती, माजघर होतं, पेनाच्या टोपणांचे हंडे होते, दाढीच्या पात्याची विळी होती. माणूस एकही नव्हता. आणि एक गोष्ट तर कुणालाच उलगडत नव्हती. चुलीच्या अलीकडं काडेपेटीच्या लाकडाचा एक बारका पाट होता आणि तो आडवा, म्हणजे कडेवर उभा करून ठेवलेला होता. मी दोनदा तो सरळ मांडला. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी तो परत आडवा.

"नथूभाऊ, पाट असा का?"

"ठावं न्हाई," तो डोकं खाजवत म्हणाला. "तितं तसाच बरा दिसतोय."

दसऱ्याच्या दिवशी चौकट तयार झाली. शिसवी ढलप्याची, चार बोटं उंच. दसरा म्हणजे मुहूर्त न बघता कामाला हात घालायचा दिवस, आणि नथूभाऊचा हात मुहूर्त सोडणारा नव्हे. त्यानं चौकट गोंदानं पक्की केली, उंबऱ्याला हळद-कुंकू लावलं, आंब्याच्या पानाचं टोक कातरून वर तोरण बांधलं. नारळ चौकटीहून मोठा होता, म्हणून सुपारी फोडली. शकुबाई म्हणाली, "आता बाहुलीला स्थळ बगा." तो भरात शकुबाईलाही कुंकू लावायला निघाला होता.

नेमका त्याच वेळी पप्पू मामाला सोनं द्यायला आला. आपट्याची पानं मामाच्या हातात ठेवली, पाया पडला, मोबाइलवर चौकटीचा फोटो काढला आणि पवनानगरला जाऊन आईला दाखवला. आई म्हणजे चिमाबाई, नथूभाऊची थोरली बहीण. फोटोत घराशेजारी काडेपेटी दिसत होती, तेव्हा घर केवढं आहे याबद्दल तिचा काही गैरसमज व्हायचं कारण नव्हतं. झालाही नाही. ती सगळं समजूनच रुसली.

ज्यांना मावळातली रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. घराची चौकट बसते तेव्हा बहिणीला बोलावणं जातं. ती पाण्यानं भरलेली कळशी घेऊन येते, उंबऱ्यावर पाणी घालते, चौकटीला कुंकू लावते आणि भाऊ तिला साडी-चोळीचा मान देतो. गवंडी चुकला तर भिंत परत बांधता येते. बहीण बोलवायची राहिली तर पुढच्या दोन पिढ्या एकमेकांच्या लग्नात पाहुण्यासारख्या जेवून जातात.

दुसऱ्या दिवशी पप्पू निरोप घेऊन आला. जीपमधून उतरलाही नाही, काचेतूनच म्हणाला, "मामा, आई म्हन्ली, औंदा भाऊबीजेला येऊ नगं."

नथूभाऊ हसला. मग त्यानं पप्पूचं तोंड पाहिलं आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं, दोरीवर विसरलेल्या सदऱ्यासारखं.

आई वारली तेव्हा नथूभाऊ रांगत होता. चिमाबाई स्वतः परकर सावरत चालण्याच्या वयाची. तिनं त्याला कडेवर वाढवला. पुढं त्याच कडेवर पाण्याची कळशी घेऊन ती सासरी गेली. तेव्हापासून एकही भाऊबीज चुकलेली नव्हती. एका वर्षी क्रेनवरून उतरताना त्याचा पाय मोडला होता, तरी तो प्लॅस्टर घालून गेला आणि आक्कानं प्लॅस्टरलाही ओवाळलं.

तो लगोलग पवनानगरला निघाला. मलाही ओढलं. "तुमी जरा शिकल्यालं हायसा, बोलाया येतं," म्हणाला. तिथं माझं शिक्षण कसं उपयोगाला आलं, ते आता पाहा.

चिमाबाई धरणाच्या काठी, पर्यटकांच्या तंबूंसाठी सैपाक करते. आम्ही पोचलो तेव्हा ती तीन दगडांच्या चुलीपुढं बसून भाकरी थापत होती आणि अर्ध्या चड्डीतली शहरातली पोरं ताटं घेऊन रांगेत होती. तिनं मान वर केली.

"या," ती म्हणाली.

नथूभाऊ जागच्या जागी गार झाला. आजवर तिनं त्याला 'ये रं मुडद्या' शिवाय कधी बोलावलं नव्हतं.

"आक्का, आसं काय बोलतीस?"

"कसं बोलू? मोठी मानसं तुमी. घरं बांधता."

"आगं, खेळनं हाय ते!"

"खेळनं हाय? मंग हळद-कुकू कशापाई वाहिलं?"

"वाहिलं म्हंजी... हात गेला."

"हळदीकडं बरा हात गेला. बहिनीकडं न्हाई गेला."

नथूभाऊनं माझ्याकडं पाहिलं. मी शिकलेला माणूस, घसा साफ करून म्हणालो, "चिमाबाई, तसं पाहिलं तर ते घर आहे असं धरलं—"

"घर हाय! ऐका!" तिनं पोरांना साक्षीला धरलं. "हे सोताच म्हन्त्यात घर हाय. मंग मला सांगावा का न्हाई?"

"न्हाई गं, घर न्हाई!" नथूभाऊ घाईघाईनं म्हणाला.

"मंग सुपारी का फोडली?"

मी माघार घेतली आणि पोरांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. एक पोरगा म्हणाला, "मावशी, अजून एक भाकरी मिळेल?"

"घे रं बाळा. तू तरी इचारतोस."

भाकरी उलटवता उलटवता तिनं हळूच विचारलं, "कंच्या घरावानी केलंय?"

"आपल्या जुन्या घरावानी." नथूभाऊ मातीकडं बघत बोलला. "स्लॅब टाकायला पाडलं, त्ये."

चिमाबाईचा हात तव्यावर थांबला. भाकरीला एक काळा डाग पडला. मला वाटलं, विरघळली. चूक. मघापर्यंत ती रीतीसाठी रुसली होती, आता मनापासून चिडली.

"त्या घराला पोतेरं मी घातलं. त्या उंबऱ्यावर बसून तुज्या डोस्क्यातल्या उवा मी काढल्या. आन त्या घराची चौकट माज्याबिगर बसली? जा तू. भाऊबीजेला कुटं जायाचं तितं जा."

'तू' परत आला होता, एवढीच काय ती कमाई. येताना जीपमध्ये नथूभाऊ तेवढंच घोकत होता, "तू म्हन्ली न्हवं? तू म्हन्ली."

प्रकरण गावाच्या चहाच्या हॉटेलात गेलं. तिथं विठ्ठलआबा बसतात. गावातल्या कुठल्याही घरचा वाद ते सोडवतात आणि पुष्कळदा त्यातून आणखी एक काढून देतात. शेजारी राजेंद्र ओव्हाळ होते. हे बुद्धविहाराजवळ राहतात, रेल्वेत सिग्नलवर नोकरी झाली, त्यामुळं कुठलीही गोष्ट थांबवून मग पुढं सोडायची सवय.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला आठी घातली. "चौकट बसली ती बसली. पर वास्तुशांत ऱ्हायलीय न्हवं? तिला बहिनीला बोलवायचं. समदा मान द्यायचा."

"खेळण्याची वास्तुशांत, आबा?"

"तूच सुपारी फोडलीस ना? आता भोग."

"दार कुठल्या दिशेला आहे?" राजेंद्रनी विचारलं.

"दक्षिनेला," नथूभाऊ दचकून म्हणाला.

दक्षिणमुखी घर! आबांनी बशी खाली ठेवली. कुणी म्हणालं पिरॅमिड लावा, कुणी म्हणालं आरसा लावा. बराच काथ्याकूट झाल्यावर राजेंद्र म्हणाले, "घर उचलून फिरवून ठेवा की." हे कुणालाच सुचलं नव्हतं, आणि सुचल्याबद्दल सगळ्यांना त्यांचा थोडा रागच आला.

मग मान किती, यावर अडलं. आबांचं म्हणणं, मान घराच्या मापानं द्यावा. नथूभाऊनं तर मनातल्या मनात वीतभर साडीला काठ लावायला घेतला.

"बहीण कुठल्या मापाची आहे?" राजेंद्रनी विचारलं.

"पुऱ्या मापाची. जरा जास्तच."

"मग साडी पुऱ्या मापाची. आमच्यात चौकटीचं हे काही नसतं. पण बहीण रुसायची रीत तुमच्याइतकीच आहे. अनुभवानं सांगतो."

भटजींना फोन केला. त्यांनी घराचं क्षेत्रफळ विचारलं. नथूभाऊनं खरं सांगितलं. भटजींनी फोन ठेवला. शेवटी पूजा आबाच सांगतील असं ठरलं. बोलावणं घेऊन शकुबाई स्वतः पवनानगरला गेली. नणंदेपुढं काय बोलली ते तिनं कधी सांगितलं नाही. परत आली आणि म्हणाली, "येत्यात. पर जेवनार न्हाई म्हन्ल्यात." न जेवता येणारी नणंद म्हणजे बिनपावसाचे ढग. नथूभाऊ दिवसभर त्याच्याखाली वावरला.

वास्तुशांतीला सगळी आळी लोटली. कुणाला काय बघायचं आहे हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं, तरी प्रत्येकानं चप्पल बाहेर काढली होती. टेबलावर उत्तरेकडं तोंड करून घर. समोर समई, ती घराच्या आढ्याहून उंच. शकुबाईनं पुरणपोळ्या करायला घेतल्या होत्या, तवा आधी तीनदा घासून.

पप्पूची जीप आली. चिमाबाई उतरली. कडेवर पितळी कळशी, काठोकाठ भरलेली. म्हणजे रीतसर आली होती. पण तोंड मिटलेलं. ती नथूभाऊच्या मोठ्या घराचा उंबरा ओलांडून आत आली, टेबलापाशी थांबली आणि अडली. कळशीचं पाणी त्या उंबऱ्यावर ओतावं, तर घर वाहून जाणार. न ओतावं, तर आली कशाला? ती बघते नथूकडं, नथू बघतो आबांकडं, आबा बघतात समईकडं.

मग तिनं कळशी खाली ठेवली, बोट बुडवलं आणि चार बोटांच्या चौकटीच्या उंबऱ्यावर एक थेंब सोडला. थेंब उंबऱ्यावरून घरंगळून ओटीवर पसरला. तिनं चष्मा लावला. भिंत उघडली आणि आत वाकली. पाठमोरी चिमाबाई, आणि तिच्या पलीकडं कुठंतरी ते घर.

मग आतून आवाज आला.

"चूल चुकली."

"काय?"

"चूल डाव्या अंगाला व्हती. मागल्या दाराजवळ."

"उजव्या अंगाला व्हती, आक्का."

"तू रांगत व्हतास मुडद्या! तुला काय ठावं?" ती ताठ झाली. "मला इचारायचं व्हतं! चूल दिसली का सुटायचास. म्हनून मी मदी पाट आडवा लावायची आन मंग भाकरी—"

ती थांबली. परत वाकली. तो पाट तिला आत्ता दिसला, काडेपेटीच्या लाकडाचा, चुलीच्या अलीकडं, कडेवर उभा.

"ह्यो कुनी सांगितला तुला?"

"कुनी न्हाई," नथूभाऊ पुटपुटला. त्याच्या चेहऱ्यावर तोच गोंधळ होता, जो मला पाटाबद्दल विचारताना दिसला होता. "तितं तसाच बरा दिसतो."

चिमाबाईनं पदरानं चष्मा पुसला. मग डोळे. मग परत चष्मा, कारण पदर ओला झाला होता. आम्हाला वाटलं, मिटलं आता. पुन्हा चूक. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "ही चौकट म्या धरत न्हाई. काढ."

"काढ? आक्का, गोंदानं बसवलीया, कारखान्यातल्या! आता घर फुटंल, चौकट न्हाई निघायची!"

"सर बाजूला." तिनं दोन नखांत चौकट धरली आणि ओढली. चौकट आली. चौकटीबरोबर पुढची भिंत आली, भिंतीबरोबर बिजागऱ्या आल्या, आणि वरच्या कौलांची एक ओळ शकुबाईच्या पुरणावर पडली. नथूभाऊनं दोन्ही पंजे डोक्यावर धरले. हत्तीएवढं लोखंड ज्यानं कधी आपटू दिलं नाही, त्याचं घर बहिणीच्या दोन नखांत लोंबत होतं.

"शकू, कनकीची खळ कर," चिमाबाई म्हणाली. "आन नथू, तू हिकडं ये. कळशी धर."

मग ती चौकट परत बसली. ह्या वेळी रीतसर, बहिणीच्या हातानं, खळीनं, किंचित डावीकडं कलती. आबांनी 'शुभं भवतु' म्हटलं, कारण तेवढंच येत होतं. शकुबाईनं साडी-चोळी दिली. चिमाबाईनं साडीचा पदर उलगडून काठ पाहिला, घडी घातली, आणि 'जेवणार न्हाई' म्हटलेलं साफ विसरून पाच पोळ्या खाल्ल्या. एकीत कौल निघालं. ते चावता चावता म्हणाली, "भाजलंय झ्याक."

त्या दिवशी ती परत गेलीच नाही. चूल हलवायची होती. नवं घर झाल्यापासून ती इथं मुक्कामाला राहिली नव्हती. सोफ्यावर पाय लोंबतात म्हणायची. आता ती टीव्हीच्या टेबलासमोर फरशीवर मांडी घालून बसली आणि भावंडांचं भांडण सुरू झालं. कोनाडा होता की फळी, जातं ओटीवर की माजघरात. शकुबाई मधे मधे विचारायची, "पर आता घर कुनाचं म्हनायचं?"

"माजं," नथूभाऊ म्हणायचा.

"माज्या म्हायेराचं," चिमाबाई म्हणायची.

"टेबल माजं हाय," शकुबाई म्हणायची, आणि तिघंही एकमेकांकडं संशयानं बघायची.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा पप्पू आईला न्यायला आला. जीपमध्ये चढताना ती भावाला म्हणाली, "भाऊबीजेला ये रं मुडद्या. ओवाळनीत पैसं टाकलंस तर ताट फेकून मारीन. गोठा घिऊन ये. मागल्या अंगाला आपला गोठा व्हता, त्यो ऱ्हायलाय."

"म्हशीसकट आनतो," नथूभाऊ फुलून म्हणाला.

"म्हस कुटली? गाय व्हती."

"म्हस व्हती आक्का!"

जीप सुटली. चिमाबाईनं डोकं बाहेर काढलं. "गाय! कपाळावर ठिपका व्हता!"

"म्हस!" नथूभाऊ रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडला. "शिंगं वाकडी व्हती!"

वळणापलीकडून वाऱ्याबरोबर एक 'गाय' आली आणि विरली. नथूभाऊ माझ्याकडं वळला. मी ते जुनं घर जन्मात पाहिलेलं नाही, पण त्यानं विचारलंच, "तुमाला काय वाटतं? गाय का म्हस?"

"दोनी बांधतो," तो म्हणाला आणि चिमटा शोधायला घरात गेला. पलंगाखाली पाहिलं, पुरणाच्या डब्यात पाहिलं, शकुबाईची पेटी उपडी केली. चिमटा आक्का घेऊन गेली होती.